सनगरकाकूंची प्रतवारी

सनगरकाकू गेल्या हे मला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मेसेजखाली ओळीनं जोडलेले हात होते. कुणी लिहिलं होतं, ‘अत्यंत प्रेमळ आणि शांत व्यक्तिमत्त्व.’ कुणी, ‘सदैव हसतमुख.’ एका बाईंनी ‘आमच्या सगळ्यांची लाडकी काकू’ असं लिहिलं होतं. याच बाईंनी एकदा हळदीकुंकवाच्या आधी मला फोन करून हळूच विचारलं होतं, “सनगरकाकू येणार आहेत का गं? येणार असतील तर मी ती काश्मीरची शाल घालत नाही.”

मी तीनदा काहीतरी टाइप केलं आणि तीनदा पुसलं. काकू शांत नव्हत्या. हसतमुख तर मुळीच नव्हत्या. मी पाहिलेल्या माणसांमधली ती सगळ्यात वैतागलेली बाई होती, आणि त्या वैतागाला कारण होतं. ते कुणी धड समजून घेतलं नाही. मी समजून घेतलं असं मला वाटत होतं, पण मी त्यात भरच घातली.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातला माझा तो तिसरा हिवाळा. नागपूरची मी, थंडी म्हणजे काय ते इथं येऊन शिकले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर क्राफ्ट फेअरला गेले असताना एक तपकिरी कार्डिगन घेतलं होतं. लेबलवर लिहिलं होतं, ‘शंभर टक्के अल्पाका’. संक्रांतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये हळदीकुंकू होतं. वाण घेऊन मागं वळले तर एका ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं माझी बाही धरली. अंगठा आणि दोन बोटांत कापड घेतलं आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी नजर छताकडे लावली.

“अल्पाका कुणी सांगितलं?”

“लेबलवर आहे, काकू.”

“काढून टाक ते लेबल. निम्मी मेंढी आहे. आणि जी अल्पाका आहे ती पायाची.”

“पायाची म्हणजे?”

“जनावराच्या पायावरचे केस. राठ असतात. टोचत नाही तुला?”

टोचत होतं. दोन महिने टोचत होतं, आणि माझीच कातडी नाजूक म्हणून मी आतून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालत होते. मी तसं सांगितल्यावर काकू हसल्या नाहीत. “लोक स्वतःच्या कातडीला दोष देतात, पण विकणाऱ्याला विचारत नाहीत,” एवढं बोलून त्या शेजारच्या बाईच्या शालीकडे वळल्या.

काकूंचं माहेर सांगलीकडचं. माहेरही सनगर आणि सासरही सनगर; म्हणजे घोंगडी विणणारी माणसं. मंडळात कुणी आडनाव ऐकून “सनगर म्हणजे नक्की कुठले तुम्ही?” असं विचारलं की त्या सांगायच्या, “घोंगडीवाले.” मग समोरचा “अरे वा” म्हणून विषय बदलायचा. वडिलांच्या मागावर बसून शिकलेली ही मुलगी लग्नानंतर ठाण्याच्या एका लोकरीच्या गिरणीत लागली आणि अठ्ठावीस वर्षं एकाच टेबलाशी उभी राहिली. काम प्रतवारीचं. लोकरीची गासडी फोडायची, मूठ मूठ हातात घ्यायची आणि बारीक, मध्यम, जाड असे ढीग लावायचे. मेंढी तर होतीच, पण दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून अल्पाकाच्या गासड्याही यायच्या. अल्पाका म्हणजे उंटाचा लांबचा भाऊ. उंची आपल्या कंबरेएवढी, मान लांब, चेहरा सतत कशाचं तरी नवल वाटल्यासारखा. काकूंचा जीव त्या लोकरीवर होता. “मेंढीसारखी तेलकट नाही, बकरीसारखी वास मारत नाही. हातात घेतली की हात गरम होतो,” त्या सांगायच्या. पुढे गिरणी बंद पडली, काका गेले, आणि मुलगा महेश त्यांना इकडे घेऊन आला. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता.

काकू भांडी घासताना रबरी हातमोजे घालायच्या, दिवसा हाताला क्रीम लावायच्या नाहीत आणि मिरच्या चिरायला साफ नकार द्यायच्या. सुनेला, रेणुकाला, ही कामचुकारी वाटायची. खरं म्हणजे तो बोटं जपण्याचा अठ्ठावीस वर्षांचा नेम होता. गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली, तरी बोटं ड्युटीवर होती. मॉलमध्ये गेलं की त्या शालींच्या रॅकपाशी थांबायच्या आणि एकेक हातात घेऊन मोठ्यानं मराठीत निकाल द्यायच्या. नात अनिका लाजेनं लांब जाऊन उभी राहायची. “आजी, प्लीज, पीपल आर लुकिंग,” ती म्हणायची. आजीचं उत्तर ठरलेलं. “बघू देत. शिकतील.”

सप्टेंबरमध्ये हॉवेल गावाच्या पुढच्या एका फार्मवर ‘या आणि अल्पाका बघा’ असा दिवस होता. महेशला कामं होती. त्यानं मला फोन केला, “पूर्वा, आईला घेऊन जाशील का? तेवढाच तिचा टाइमपास.” फोन स्पीकरवर होता. मागून काकूंचा आवाज आला, “टाइमपास तुझा.”

फार्म लिंडाचा. लिंडा साठीची, उंच, मोठ्यानं हसणारी, आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेली. घोडे नकोत, गायी नकोत, अल्पाका पाळा, असं ज्या काळात इथं जो तो सांगत होता त्या काळात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं अल्पाका घेतले. नवरा वारला, जनावरं चाळीसवर गेली. बार्नच्या, म्हणजे जनावरांच्या कोठाराच्या, भिंतीवर प्रदर्शनांत मिळालेल्या निळ्या-लाल रिबिनींच्या माळा होत्या. लिंडा प्रत्येक रिबीन दाखवत होती. काकू माळ्याकडे बघत होत्या. तिथं कचऱ्याच्या काळ्या पिशव्या छतापर्यंत रचल्या होत्या.

“ते काय आहे, विचार तिला.”

लिंडा म्हणाली, लोकर. दर वसंतात कातरावी लागते, नाहीतर उन्हाळ्यात जनावरं उकाड्यानं मरतील. अकरा वर्षांची साठली आहे. कधीतरी काहीतरी करू.

काकू शिडी चढून वर गेल्या. आम्ही दोघी खाली घाबरून उभ्या. त्यांनी एक पिशवी उघडली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर लोकर बाहेर काढली. तिच्यात सुकं गवत होतं, पायाचे राठ केस होते, आणि बारीक पांढऱ्या अळ्या. कसर लागली होती. दुसरी पिशवी उघडली. तिसरी उघडली. तिसरीतून निघालेली लोकर मात्र मधाच्या रंगाची होती. काकूंनी तिची एक बट वेगळी केली, दोन्ही टोकांना धरून कानाशी नेली आणि टणकन ताणली. तुटली नाही. मग त्या माळ्यावरच खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली.

“माझ्या बापाला असली एक मूठ मिळाली असती तर त्यानं ती देव्हाऱ्यात ठेवली असती,” त्या म्हणाल्या. “विचार या बाईला, ही लोकर हिनं कशासाठी सडवली?”

काकूंचं इंग्रजी गिरणीपुरतं होतं. ग्रेड, मायक्रॉन, लॉट, रिजेक्टेड एवढं पक्कं. पण मिशिगनच्या माणसांचं भराभर बोलणं त्यांच्या पल्ल्याबाहेरचं. मी लिंडाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “काकू विचारताहेत, तुम्ही लोकर कशी साठवता?”

लिंडानं आनंदानं पिशव्यांची माहिती दिली.

काकूंनी लिंडाची लोकर निवडायला घेतली आणि त्या दिवसापासून माझे शनिवार गेले. सकाळी आठला मी काकूंच्या दारात गाडी लावायची. आठ वाजून पाच मिनिटं झाली तर त्या ड्राइव्हवेच्या टोकाशी, बर्फात, उभ्या असायच्या. त्यांनी मला कधी थँक्यू म्हटलं नाही. गाडीत गाणी लावलेली चालायची नाहीत. मी अनेकदा ठरवलं की पुढच्या आठवड्यात काहीतरी कारण सांगून कॅन्सल करायचं. पण तारेच्या जाळीच्या टेबलाशी उभ्या राहिल्या की त्या वेगळ्याच दिसायच्या. लोकर टेबलावर पसरायची, झटकायची, गवत-माती जाळीतून खाली. मग दोन्ही हात चालू. पाठीची लोकर एका बाजूला, मानेची दुसऱ्या, पोटाची आणि पायाची लांब. पाठीच्या लोकरीतही पुन्हा तीन ढीग. डोळे बहुतेक वेळा मिटलेले. लिंडानं विचारलं की बघत का नाही, तर म्हणाल्या, “आय सी कलर. हॅण्ड सी ट्रुथ.” हे मात्र मला भाषांतर करावं लागलं नाही.

लिंडाला त्या आवडायला लागल्या होत्या. ती त्यांना ‘सुला’ म्हणायची, सुलभामधला ‘भा’ तिच्या तोंडात बसत नव्हता. कॉफी करून आणायची. आणि मग पुन्हा एखाद्या प्रदर्शनाची नवीन रिबीन दाखवायची. काकूंची चिडचिड व्हायची. “रिबीन जनावराला. लोकरीला काय? कचऱ्याची पिशवी!”

वसंतात कातरणी आली. कातरणारा एक धिप्पाड तरुण गृहस्थ, गावोगाव फिरणारा. अल्पाकाला आडवं करायचं, पायांना दोर, आणि पाच-सात मिनिटांत अंगावरचं पांघरूण काढल्यासारखी लोकर उतरवायची. काकूंनी आदल्या शनिवारीच क्रम लिहून दिला होता. आधी पांढरे, मग बदामी, मग तपकिरी, शेवटी काळे. कारण पांढऱ्यात एक काळा केस गेला तर रंगवताना तो दिसतो. आणि प्रत्येक जनावरानंतर जमीन झाडायची. कातरणाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्यानं हाताशी आला तो काळा अल्पाका धरला.

काकू मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. हातात आडवा धरलेला झाडू.

“नो. व्हाइट फर्स्ट.”

“बाई, मला आज अजून दोन फार्म करायचेत,” तो म्हणाला.

“व्हाइट फर्स्ट.”

तो माझ्याकडे बघून म्हणाला, यांना बाजूला घ्या. लिंडा हसून म्हणाली, जाऊ दे, तो म्हणतो तसं होऊ दे. मी काकूंच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला आणि झाडायला लागल्या. तेवढ्यात दोरात अडकलेल्या त्या काळ्या अल्पाकानं मान वळवली आणि हिरवं, आंबूस, अर्धवट चघळलेलं सगळं काकूंच्या तोंडावर थुंकलं. कातरणारा खदखदून हसला. काकूंनी पदरानं चष्मा पुसला, पदर तसाच खोचला आणि म्हणाल्या, “या जनावराला तरी माझा राग आला. बाकी कुणाला काही वाटतच नाही.”

त्या दिवशी चाळीस वेळा त्यांनी जमीन झाडली. रंगाचा क्रम मात्र कुणी पाळला नाही. परतताना गाडीभर तो वास होता. मी काच खाली केली. काकू म्हणाल्या, “कर. मलाही येतोय.”

या बाईच्या डोक्यात एक साधी गोष्ट होती. एकट्या फार्मची लोकर कुठल्याही मोठ्या गिरणीला पुरत नाही. गिरणीला एकाच प्रतीची लोकर पाहिजे, आणि गासडीभर पाहिजे. आसपास सात फार्म होते. सातांची लोकर एका हातानं, एकाच मापानं प्रतवारी करून एकत्र केली तर ती जाईल. नाहीतर सात बार्नांत सात ठिकाणी कसर लागेल. “हे समजायला डिप्लोमा लागत नाही,” त्या म्हणायच्या.

लिंडानं सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं. कुणी कुकीज आणल्या, कुणी आपल्या जनावरांचे अल्बम. काकूंनी टेबलावर तीन ढीग मांडले आणि मला सांगायला लावलं. दहा मिनिटांत अडचण लक्षात आली. प्रत्येकाला आपल्या जनावराच्या नावाची लोकर पाहिजे होती. ही बेलाची, ही क्लोईची. एकीनं विचारलं, माझ्या बेलाची लोकर दुसऱ्यांच्यात मिसळली तर ती बेलाची कशी राहील? काकू म्हणाल्या, “सांग तिला, बेलाला ते माहीत पण नाही.” मी तेवढं सांगितलं नाही.

मग एक गृहस्थ उठले. त्यांचा एक पांढरा नर त्या भागात मोठा विजेता. त्याच्या लोकरीचा नमुना काकूंनी आधीच्या आठवड्यात तिसऱ्या, म्हणजे जाड लोकरीच्या ढिगात टाकला होता. त्यांच्या हातात लॅबचा कागद होता. त्यात लिहिलं होतं की लोकर पहिल्या प्रतीची आहे. काकूंनी तारीख बघायला सांगितली. कागद चार वर्षांपूर्वीचा. “जनावर म्हातारं होतं तशी लोकर जाड होते,” काकू म्हणाल्या. “खाऊ जास्त घातला तरी होते. त्यानं दोन्ही केलंय.”

गृहस्थांनी विचारलं, यांचं सर्टिफिकेट काय?

हे मी भाषांतर करायच्या आधीच काकूंना कळलं. त्यांनी साडीवरच्या स्वेटरची बाही वर केली आणि मला म्हणाल्या, “त्याला सांग, पाच बटा आण. लॅबमध्ये मोजलेल्या. डोळे बांध माझे.”

हॉलमध्ये एकदम गंमत आली. कुणीतरी स्कार्फ दिला. तिघांकडे ताज्या कागदांसकट नमुने होते; त्यांतून पाच बटा निघाल्या. काकूंचे डोळे बांधले. त्यांनी एकेक बट घेतली, चोळली, कानाशी नेली, ठेवली, दोन बटांची जागा बदलली, आणि हात मागं घेतले. लिंडानं कागद वाचले. पाचही बरोब्बर, बारीक ते जाड. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं शिट्टी वाजवली.

स्कार्फ काढल्यावर काकूंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी आनंदासारखं पाहिलं. मग ते गृहस्थ म्हणाले, “मस्त ट्रिक आहे.” बाकीचे हसले. बेलावाल्या बाईनं विचारलं, पुन्हा करतील का, मला व्हिडिओ घ्यायचाय.

 परतताना नोव्हायचा एक्झिट आला तेव्हा काकू म्हणाल्या, “गिरणीत साहेब लोक माझ्या हाताच्या निकालावर गासडी परत पाठवायचे. जहाजानं. इथं मी दरवेशाचं अस्वल झाले.”

महेशला हे सांगितलं तर तो वैतागला. “आई, तुला कशाला पाहिजे हे सगळं? आराम कर ना. मंदिरात जा, तिथं तुझ्या वयाच्या किती बायका येतात.” त्याचं चुकत होतं असं नाही. शनिवारी घरी आल्यावर आईचे गुडघे सुजायचे, तो बर्फाची पिशवी धरून बसायचा. त्याला दिसत होते गुडघे. बोटं कुणालाच दिसत नव्हती.

सातांपैकी दोन फार्म लिंडाबरोबर आले. दोन कातरण्यांची लोकर काकूंनी निवडली. पूर्वेकडच्या न्यू इंग्लंडमधली एक गिरणी तयार झाली; एकाच प्रतीची, ठरलेल्या वजनाची गासडी पाहिजे म्हणाली. काकूंनी पोती स्वतः शिवली, प्रत्येकावर दोऱ्यानं प्रत आणि रंग. ऑक्टोबरात वजन केलं तर गासडीला थोडी कमी पडत होती. दोन पोत्यांइतकी.

लिंडाचा चेहरा पडला. तिनं माळ्याकडे बघून विचारलं, वरची थोडी जुनी टाकली तर?

काकू उसळल्या. “तिला सांग, एक मूठसुद्धा वर टाकायची नाही. एक मूठ! कमी आहे तर कमी आहे. पुढच्या कातरणीपर्यंत थांबायचं. मरेपर्यंत थांबू, पण खोटी मूठ जाणार नाही.”

लिंडा माझ्याकडे बघत होती. दमलेली, डोळ्यांत पाणी. दोन वर्षं तिनं या खुळापायी शनिवार दिले होते, माझ्यासारखेच. मला तिची दया आली. आणि मला सवय होती. आमच्या ऑफिसात कुणी कुणाला ‘नाही’ म्हणत नाही. व्हिसावर असलेलं माणूस तर नाहीच नाही. मी म्हणाले, “काकूंना वाटतं, पुढच्या वर्षापर्यंत थांबलं तर बरं. शी वुड प्रीफर टु वेट.”

लिंडानं मान हलवली. मंगळवारी तिनं माळ्यावरून दोन पोती भरली. तिच्या मते चांगलीच बघून भरली. ट्रकवाला बुधवारी येणार होता, आणि सगळ्यांना सरप्राइज द्यायचं होतं.

गिरणीनं माल उघडला तो नेमका त्या दोन पोत्यांपासून. गवत, पायाचे केस, कसर. पुढचं एकही पोतं त्यांनी उघडलं नाही. एका पोत्यात कसर म्हणजे सगळ्या गिरणीत कसर. त्यांच्या जागी काकू असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं. सगळा लॉट परत. पत्रात एकच ओळ होती, पुन्हा पाठवू नये.

लिंडा काकूंपुढं रडली. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आणि सांगता सांगता म्हणाली की पूर्वा म्हणाली होती, यू वुड प्रीफर. म्हणून मला वाटलं, चालेल.

काकू माझ्याकडे वळल्या.

“प्रीफर म्हणजे काय गं?”

“म्हणजे... आवडेल.”

“मी म्हटलं होतं, आवडेल?”

“नाही.”

“काय म्हटलं होतं?”

“एक मूठसुद्धा टाकायची नाही.”

“मग?”

 मी म्हणाले, “काकू, तिला वाईट वाटलं असतं.”

“मऊ करायला मी तुला लोकर दिली होती का?” काकू ओरडल्या. बार्नमधले अल्पाका एकदम माना वर करून बघायला लागले. “पहिल्या दिवसापासून हेच करत आलीस ना? मी विचारलं, सडवली का, तर ती पिशव्या काय दाखवत बसली! मला वाटायचं या लोकांना समजत नाही. अगं, त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं!”

दोन वर्षांत त्या माझ्यावर पहिल्यांदा अन्याय न करता ओरडल्या होत्या. मला घरी जाऊन रडायचं होतं. त्याआधी त्यांना घरी सोडायचं होतं. 

पुढच्या शनिवारी जावं की नाही, हे मला ठरवता येईना. आठला पाच कमी असताना गेले. काकू ड्राइव्हवेच्या टोकाशी उभ्या होत्या. बसल्या, पट्टा लावला. “परत आलेली पोती आमच्या गॅरेजमध्ये आणायची आहेत,” म्हणाल्या. बाकी काही नाही.

तो सगळा हिवाळा महेशची गाडी बाहेर बर्फात राहिली आणि गॅरेजमध्ये काकू. छोटा हीटर, जाळीचं टेबल, आणि परत आलेलं प्रत्येक पोतं उघडून पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा विचारलं, “काकू, हे आता कुठं पाठवायचंय?” त्या म्हणाल्या, “कुठंच नाही.” “मग?” “मग काय? आत कसर गेली असेल तर बघायला नको?” ती दोन पोती जाळली. बाकीच्यांत एक अळी निघाली नाही. ते त्यांनी मला सांगितलं, लिंडाला सांगायला लावलं, आणि मी जसंच्या तसं सांगितलं. त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

महेशनं टेक्ससला बदली घेतली. मंडळात सगळे म्हणाले, बरं झालं, काकूंना थंडी नको. त्यांना थंडीचा कधी त्रास झाल्याचं मला आठवत नाही. टेक्ससहून त्या फोनवर दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलायच्या नाहीत. इथं एसी फार लावतात, आणि एसीतल्या शाली सगळ्या प्लॅस्टिकच्या असतात, एवढं सांगून ठेवायच्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या आदल्या दिवशी. लिंडाकडे कातरणी होऊन आठवडा झाला होता आणि काकूंना निरोप घ्यायचा होता. महेश मला बजावून म्हणाला होता, “अकरापर्यंत आण हं, मूव्हर्स येतायत, तिच्या खोलीतलं तिलाच विचारायचंय.”

लिंडा टेबलाशी एकटीच निवडत होती. काकू बाजूला उलट्या बादलीवर बसल्या. लिंडा एकेक मूठ उचलायची आणि त्यांच्याकडे बघायची. “सुला, ही?”  काकू हनुवटीनं तिच्याच हाताकडे खूण करायच्या. लिंडा डोळे मिटायची, चोळायची, आणि कुठल्यातरी ढिगात टाकायची. काही बरोबर पडत होत्या. काही चुकत होत्या. ते मला काकूंच्या कपाळावरून कळत होतं. तासभर त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढं गप्प राहायला त्यांना किती कष्ट पडले असतील, ते त्यांनाच माहीत.

साडेदहाला मी म्हणाले, निघू या. लिंडानं त्यांना घट्ट मिठी मारली. काकूंना मिठी मारता येत नसे, त्या हात खाली सोडून उभ्या राहिल्या. मी गाडीत बसून इंजिन सुरू केलं. काकूंनी दार उघडलं, एक पाय आत ठेवला, थांबल्या, पाय बाहेर काढला आणि बार्नकडे चालायला लागल्या. मला वाटलं चष्मा विसरला.

दहा मिनिटं झाली. महेशचा फोन येऊन गेला. मी आत गेले.

काकूंनी लिंडाचे तिन्ही ढीग एकत्र करून टेबलावर ओतले होते. डोळे मिटून दोन्ही हात चालू होते. समोर लिंडा, रिकामं पोतं दोन्ही हातांनी उघडं धरून, त्यांच्या बोटांकडे बघत उभी. दारातून ऊन येत होतं आणि हवेत लोकरीचे बारीक तंतू तरंगत होते.

माझ्या हातातला फोन पुन्हा वाजला.

“महेश ना?” काकू डोळे न उघडता म्हणाल्या. “त्याला सांग, वेळ लागेल.”

मी फोन उचलला आणि म्हणाले, “महेश, वेळ लागेल.”